रिले गार होईपर्यंत

“वाट कशाला बघताय म्याडम? ह्यो बारका स्विच खाली करा अन् परत वर करा. लगीच गार हुतंय.”

संभाजीनं हे इतक्या सहज सांगितलं, की मी आधी अर्धवटच ऐकलं. समोरचा स्क्रू आवळून झाला आणि मग ते वाक्य डोक्यात नीट शिरलं. “हे कोणी शिकवलं तुम्हाला, संभाजीराव?” “कुनी म्हंजे? तुमच्याच सायबांनी की,” तो म्हणाला आणि चक्क हसला. माझ्या घरच्या माणसाची त्याला मदत झाली हे मला कळावं, मला बरं वाटावं, म्हणून हसला. “आपले विश्वजीत सायेब. उन्हाळा लागला तवा न्हाई का, पयल्यांदा मशीन बंद पडलं. वर समदी बोंबाबोंब. तर सायेब सोता खाली आले. म्हनले, संभाजी, घाबरायचं न्हाई, रिस्टार्ट मारायचा. तवापास्नं आमचं त्येच चाललंय.” मी “बरं” म्हटलं. एवढंच.  “त्या स्विचला आता हात लावू नका,” मी सांगितलं. तो लगेच दोन पावलं मागे सरला आणि विडी ओढायला बाहेर गेला. आत मी, पॅनेल आणि जळक्या वार्निशचा वास एवढंच उरलं.

तुम्हाला यातलं काही कळलं नसेल तर मनाला लावून घेऊ नका, माझ्या आईलाही अजून कळलेलं नाही. मी उत्कर्षा ओव्हाळ, माहेर विश्रांतवाडी, लग्नानंतरही ओव्हाळच, राहते कोथरूडला. धंदा रिले टेस्टिंगचा, स्वतःचा. लग्नाकार्यात कोणी विचारलं की मी पंगतीत बसल्या बसल्या समजावते. मोठ्या मोटरला एक राखणदार असतो, त्याला रिले म्हणायचं. दिसायला डब्याएवढा, तोंडावर छोटा पडदा. मोटरच्या पोटात हात घालून ती किती तापली हे कोणाला बघता येत नाही. मग हा काय करतो, तर मोटर किती करंट खाते आणि किती वेळ खाते याचा सतत हिशेब मांडतो आणि आतलं तारांचं वाइंडिंग किती तापलं असेल ते टक्क्यांत दाखवतो. शंभर झाले की मोटर बंद. पण खरी गंमत पुढे आहे. बंद केल्यावर हा पठ्ठ्या तिला लगेच चालू करू देत नाही. मोटर जितकी सावकाश गार होते तितकेच सावकाश याचे टक्के उतरतात आणि पुरेसे उतरले की मगच परवानगी. आता हा आपलं काम चोख करतो की नाही हे बघायला खरी मोटर जाळणं कोणालाच परवडत नाही. म्हणून मी माझ्या किटमधून त्याला खोटाच करंट देते आणि घड्याळ लावून बघते, की हा वेळेवर बोंब मारतो का. इतकं सगळं आमटीची वाटी गार होईपर्यंत ऐकून घेऊन समोरची बाई म्हणते, अय्या, हुशार आहेस की, मग सॉफ्टवेअरमध्ये का नाही गेलीस?

ते सालच तसं होतं. वायटूकेचं भूत येऊन गेलं होतं, जग बुडालं नव्हतं आणि अर्धं पुणं कोणाला तरी मुंबईच्या विमानतळावर पोचवायला निघालं होतं, उरलेलं अर्धं जावाच्या क्लासला. हिंजवडीच्या माळावर जिथं संभाजीची ज्वारी व्हायची तिथं काचेची इमारत उभी राहिली होती. वर अमेरिकेची कामं करणारी पोरं बसायची आणि तळघरात त्यांना गार ठेवणारा एसीचा प्लँट. जमीन देणाऱ्यांच्या घरटी एकाला नोकरी, असं घेताना ठरलं होतं. शेतकऱ्याचा ऑपरेटर झाला, त्याला निळा शर्ट मिळाला. आणि मागच्या आठवड्यात भर दुपारी त्या प्लँटची मोठी मोटर जळली. तळघर धुरानं भरलं. संभाजी आतच होता. शटरची कडी हाताला लागेपर्यंत त्यानं इतका धूर खाल्ला, की दवाखान्यातून आल्यावरही बोलता बोलता त्याला ढास लागायची. कंपनीनं त्याला घरी बसवलं आणि सांगितलं, मोटर तुझ्या हलगर्जीपणानं जळली की रिलेच्या, ते टेस्टिंगवरून ठरेल. रिले चांगला निघाला तर तुझं काम संपलं. म्हणजे आज मी काय म्हणते यावर त्याची नोकरी होती. त्याला ते पक्कं ठाऊक होतं आणि तरी सकाळी माझं किट गाडीतून उतरवून आणायला तोच धावला होता. “मोटारीला इंजेक्शन देनार व्हय म्याडम?” असं त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, मोटर मेली, आता तिच्या राखणदाराची तपासणी चाललीय.

प्लँट ज्यांच्या ताब्यात ते श्यामसुंदर लिमये. कोथरूडचेच, आमच्या मागच्या सोसायटीत राहतात. गोड बोललं तर कर लागतो अशी काहीतरी त्यांची समजूत आहे. टेस्टिंग कोणाकडून करून घ्यावं असं त्यांनी ऑफिसात विचारलं तेव्हा वर बसणारा विश्वजीत म्हणाला होता, माझी बायकोच करते, पुण्यात तिच्यासारखं कोणी नाही. हे खरंच आहे, मी विनय दाखवत नाही. तर सकाळी मी गार रिलेला दुप्पट करंट दिला. दोन मिनिटांच्या जरा आत त्यानं ट्रिप दिली, म्हणजे मोटर बंद करायचा खटका पाडला, तक्त्यात जशी द्यायला हवी तशीच. लिमये म्हणाले, “पुन्हा करा.” मी म्हटलं, “आता लगेच केलं तर झटक्यात जाईल, तो तापलेला आहे.” “तापलेला? अहो, मोटर तर जळून बाहेर पडलीय. हा कशानं तापला?” “त्याच्या हिशेबात तापलाय.” “करा,” ते म्हणाले. मी केलं आणि चार-पाच सेकंदांत खटका पडला. लिमयेंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच पकडले गेले. “एकदा दोन मिनिटं, एकदा पाच सेकंद. आम्ही कोथरूडमध्ये याला बिघडलेलं म्हणतो.” मी समजवायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. “मॅडम, माझं मत झालंय. रिले गेलेला आहे. बाकीच्या चार पॅनेलांतही हेच डबडं आहे ना? त्यांतलं हे तापायचं फंक्शन आज संध्याकाळपर्यंत बंद करून टाकतो. रोजची कटकट जाईल.” “थांबा, गार होऊ द्या, मी तुम्हाला पुन्हा दाखवते,” मी म्हटलं. “दाखवा. मी जेवून येतो. तोवर तुमचा रुग्ण शेकत ठेवा.” ते गेले आणि संभाजीनं मला तो बारका स्विच दाखवला.

बारका स्विच म्हणजे रिलेला स्वतःला जी वीज मिळते तिचा. तो बंद केला की रिले आंधळा होतो आणि चालू केला की कोऱ्या डोक्यानं उठतो, पडद्यावर शून्य. आता नवे आलेत ते वीज गेली तरी हिशेब जपून ठेवतात, हा त्यातला नव्हे. तसं त्याच्या पुस्तकात चौकट आखून छापलेलंही आहे, की वीज काढाल तर मोटर गार होईपर्यंत ती चालू करू नका. मोटर बिचारी असते तिथंच असते, नव्वदवर, तापून लालबुंद, आणि हा शून्यावरून म्हणतो, चला, किती छान गारवा आहे, करा सुरू. पुन्हा तापली, पुन्हा ट्रिप, पुन्हा स्विच खाली, स्विच वर. महिना-दोन महिने रोज दुपारी हेच. रिस्टार्ट मारायचा. त्या दिवसांत सगळ्या शहराला ही एक जादू सापडली होती. कॉम्प्युटर अडला, रिस्टार्ट मारा. बँकेत पासबुक भरून मिळेना, खिडकीतला मुलगा म्हणायचा, थांबा, रिस्टार्ट मारतो. माझा भाचा नापास झाला तेव्हा आईला म्हणाला, आजी, रिस्टार्ट मारतो. पण हे विश्वजीतनं सांगावं? ज्याला रिलेचं काहीच कळत नाही अशा पोराला मी माफ केलं असतं. विश्वजीतला कळत होतं. माझ्याइतकंच कळत होतं.

आम्ही भेटलो तेच रिलेच्या टेबलावर. भोसरीला एका पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात, दोघंही डिप्लोमा करून नुकतेच लागलेले. सबंध शेडमध्ये मी एकटी मुलगी, त्यामुळे सगळे जण मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि कोणी काम शिकवायचं नाही. शिकवलं त्यानं, तेही जाता-येता, भजी खाता खाता. डोकं तल्लख, पण धीर म्हणून नव्हता. थर्मल टेस्ट म्हणजे नुसतं बसणं. एक टेस्ट घ्या, मग रिले उतरेपर्यंत थांबा, मग दुसरी घ्या. मी बसायची. मला ते आवडायचं, टक्के उतरताना बघायला, जसं कोणी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसजवळ उभं राहतं तसं. तो मात्र दर वेळी वीज काढून रिले शून्यावर आणायचा आणि पुढे पळायचा. टेबलावर ते चालतं, तिथं मोटर नसतेच. मी ओरडायची, सवय लागेल तुला. तो म्हणायचा, “तू अगदी या रिलेसारखी आहेस, झालेलं विसरत नाहीस.” मी म्हटलं होतं, “रिले विसरतो. गार झाला की विसरतो. मी नाही.” त्यावर तो इतका हसला होता, की सुपरवायझर बघायला आला. मग मंदी आली, कारखान्यानं निम्मी माणसं कमी केली. मी पैसे जमवून जुनं किट घेतलं. त्यानं संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लास लावला. दोन वर्षांत त्याच्या गळ्यात ओळखपत्र आलं आणि माझ्या बोटांना घट्टे. आई, प्रेमला ओव्हाळ, शाळेतून रिटायर झालेली, अजून म्हणते, “अगं, त्यानं सोडलं ना ते तारांचं, तू का चिकटून बसलीस?” मी म्हणते, आई, त्याचा कॉम्प्युटर ज्या विजेवर चालतो तिच्यावर कोणीतरी लक्ष ठेवायला नको का?

तो खाली आला तेव्हा पडद्यावर एकाहत्तर होते. दोन हातांत कॉफीचे कागदी पेले, कपाळावर घाम नाही, कारण वरच्या मजल्यावर भाड्यानं आणलेलं मशीन चालू होतं. “काय म्हणतोय पेशंट?”

“लिमये म्हणतात, रिले गेला.”

“अरे वा! मग मिटलंच.”

“गेलेला नाहीये. आणि तुला ते माहितीये.”

त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग त्याची नजर त्या बारक्या स्विचवर गेली आणि लगेच कॉफीत परत आली. तेवढ्यात सगळं बोलून झालं होतं, पण नवराबायको झालं तरी तोंडानं बोलावंच लागतं. “संभाजी बोलला?” “हो. फार कौतुकानं बोलला.” तो केबलच्या रिकाम्या ड्रमवर बसला. “उत्कर्षा, त्या दिवशी सर्व्हर तापत चालला होता. अमेरिकेची माणसं वर बसलेली. त्यांना काय सांगू, आमचा रिले गार व्हायचाय, पाऊण तास गप्पा मारा? म्हणून सांगितलं मी त्याला. एकदा.”

“एकदाच कर, असं म्हणालास?”

तो विचार करत राहिला. हे त्याचं मला आवडतं, कोपऱ्यात सापडला तरी साफ खोटं त्याला बोलता येत नाही. “नाही,” तो म्हणाला. “तसं नाही म्हणालो. पुन्हा झालं तरी हेच करत जा, असं काहीतरी म्हणालो असेन.” मग एकदम पुढे वाकला. “हे बघ. लिमयेंचं मत झालेलंच आहे. तुला खोटंसुद्धा बोलायचं नाहीये. तू फक्त गप्प बस. रिले बदलतील. संभाजी सुटला, मी सुटलो. पुढच्या महिन्यात कंपनीच्या खर्चानं आपण न्यू जर्सीला. यात कोणाचं वाईट झालं ते सांग मला. रिलेला काय बायकापोरं आहेत?”

मला हसू आलं. खरंच आलं, काय करणार, तो बोलतोच तसं. हसता हसता मी विचारलं, “आणि बाकीची चार पॅनेलं? लिमये त्यांचं फंक्शनच बंद करायला निघालेत.”

“ते मी त्यांना नंतर समजावतो.”

“कुठून? न्यू जर्सीहून?”

तो हसला नाही. उठला, पॅन्ट झटकली आणि म्हणाला, “तुझ्यावर आहे सगळं,” आणि जिन्यानं वर गेला. त्यानं रागावून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण तो रागावला नव्हता, घाबरला होता, आणि त्याला घाबरलेला मी फार कमी वेळा पाहिलाय. कॉफी मी प्यायले. भयंकर गोड होती.

पडद्यावर बासष्ट. त्याच्या लोणी काळभोरच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती दुपार मला आठवायला नको होती, म्हणूनच आठवली. मोठं अंगण, ऊस, ट्रॅक्टर, सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या. आमचं लग्न रजिस्टर झालेलं, त्यांना ते आवडलेलं नव्हतं, पण मुलगा कमावता, म्हणून चहा झाला. सगळ्यांना स्टीलचे पेले आणि मला एक कानतुटका कप, वेगळा ठेवलेला असावा असा. कोणी काही बोललं नाही. मी तो कप उचलणारच होते, कारण मला तिथं तमाशा करायचा नव्हता, विश्रांतवाडीच्या मुलींना असले कप ओळखता येतात आणि त्यांचं काय करायचं हेही त्या आपापलं ठरवतात. त्याआधीच विश्वजीतनं हात लांब करून तो कप स्वतःकडे ओढला, त्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि घटाघटा चहा पिऊन टाकला. मग आईला म्हणाला, “अजून आहे का? ह्यातच दे.” पुढच्या वेळेपासून कप दिसला नाही. आणि आता मी त्या माणसाचं नाव घ्यायचं. कोणासमोर, तर लिमयेंसमोर. मला त्या तळघरात एकदम उकडायला लागलं. मी पदरानं मान पुसली. साडी कशाला नेसले होते आज, कोण जाणे, कामावर मी सलवार-कमीज घालते. लिमये ओळखीचे म्हणून नेसले असणार.

एक मधली वाटही मला दिसत होती, मी काही देवी नव्हे. रिले चांगला आहे म्हणून सांगायचं. तो चुकीच्या पद्धतीनं हाताळला गेला, असंही सांगायचं. कोणी हाताळला, ते मी कशाला सांगू, मी पोलीस आहे का? असं सगळं सभ्य भाषेत मोघम ठेवलं की चार पॅनेलं वाचतात, माझं तोंडही खरं राहतं. फक्त मोघम गोष्टीला शेवटी एक माणूस लागतोच, आणि तिथं निळ्या शर्टात उभा होता तो संभाजी. म्हणजे तीन वाटा. खोटं बोललं की दोघंही सुटतात आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी नाकातोंडात धूर. अर्धं खरं बोललं की विश्वजीत सुटतो आणि ज्याची जमीन या फरशीखाली आहे तो बाहेर. पूर्ण खरं बोललं की. पुढचं वाक्य मी मनातही पुरं करत नव्हते. माझे वडील वायरमन होते. एखादी जळलेली मोटर उघडून ते घरी आले की त्यांच्या शर्टाला हाच वास असायचा, वार्निशचा, किंचित गोडसर, आणि मला लहानपणी तो इतका आवडायचा की मी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून बसायचे. आई म्हणायची, सोड, घाण आहे ते. त्या वेळी आत कोण असतं, किती धूर खातं, हे मी कधी विचारलं नाही. बाहेर संभाजीला ढास लागली होती. ती थांबेपर्यंत मी पडद्याकडे बघितलंच नाही. माझं ठरलं होतं, आणि ठरल्यावर मला नेहमी वाटतं तसं हलकं मात्र वाटत नव्हतं. भीती वाटत होती. साधी, घर मोडेल अशी.

लिमये जेवून आले तेव्हा रिले पुरता उतरला होता. संभाजीही मागोमाग आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी पुन्हा दुप्पट करंट दिला. आम्ही तिघंही घड्याळाकडे बघत उभे. दोन मिनिटांच्या जरा आत खटका पडला, सकाळी पडला होता तसाच. “हं,” लिमये म्हणाले, “आता बरं चाललंय.” “सकाळीही बरंच चाललं होतं. तुम्ही तापलेल्याला पळायला लावलंत.” “म्हणजे रिले चांगला आहे?” “उत्तम आहे. आता पुढचं बघा.” पडद्यावर अठ्ठ्याण्णव होते. मी बारका स्विच खाली केला. पडदा काळा झाला. वर केला. पडदा उजळला. शून्य. मी तोच करंट दिला आणि परत पूर्ण वेळ लागला, जवळजवळ दोन मिनिटं. “लिमये साहेब, या जागी तुमची मोटर असती तर ती आधीच पुरी तापलेली होती. हा म्हणतोय, आत्ताच उठलीय, चालू द्या. असं रोज झालंय, दोन महिने. मोटर त्यानं जळली. रिलेनं नाही.”  लिमये माणूस तिरका, पण ढ नाही. त्यांनी त्या स्विचकडे पाहिलं, स्विचभोवती बोटांनी काळं झालेलं होतं तिकडे पाहिलं आणि संभाजीकडे वळले.

“हे असं करायला तुला कोणी सांगितलं?”

संभाजीला आत्ता कळत होतं. दोन मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर सगळं उतरलं होतं, आपण काय करत होतो ते, आणि आपण कशात उभे होतो तेही. तो माझ्याकडे बघणार, अशी माझी खात्री होती. त्यानं बघितलं नाही. “कुनी न्हाई सायेब,” तो म्हणाला. “माझ्याच डोक्यातनं आलं.”

बायकोसमोर नवऱ्याला उघडं कसं पाडायचं, बस, एवढंच होतं त्याचं. मला इतका संताप आला. त्याचा आला, विश्वजीतचा आला, पण सगळ्यात जास्त माझा आला, कारण त्याचं वाक्य संपलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं होतं. आता मी नुसती मान खाली घालून वायरी काढायला लागले असते तरी भागलं असतं.

“खोटं बोलतायत ते,” मी म्हटलं. “त्यांना हे विश्वजीतनं शिकवलं. विश्वजीत काळभोर, तिसरा मजला. माझा नवरा.”

“मॅडम,” लिमये म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच तिरकेपणा नव्हता, “जरा विचार करून बोला.”

“केला. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा.”

दाराजवळ इंटरकॉम होता. नंबर मीच फिरवला. “झालं?” त्यानं उचलल्या उचलल्या विचारलं. मी म्हटलं, “लिमये साहेबांना मी सांगितलंय. तू खाली ये आणि स्वतः सांग.”  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी वायरी काढायला लागले. संभाजी पुढे येऊन हळूच म्हणाला, “कशाला वो म्याडम. माझं काय, गडी मानूस, कुटं बी काम धरल. तुमचं घर हाय.” “माझ्या घराचं मी बघेन, संभाजीराव,” मी म्हटलं, जरा जास्तच जोरात. खरं म्हणजे मला काही दिसत नव्हतं, घराचं नाही आणि हातातल्या वायरीचंही नाही. तो येईल हे मला माहीत होतं. मी त्याला ओळखते, त्यानं तो चहा प्यायला होता. तरी जिन्यावर पावलं वाजेनात. लिफ्टही हलेना. लिमयेंनी दोनदा घसा खाकरला. मग मी मनाशी म्हटलं, नाही आला तर नाही आला, आणि ते म्हणून झाल्यावर माझं रडू फुटायच्या बेतात होतं, आणि तेवढ्यात दार ढकललं गेलं.

तो धापा टाकत होता. माझ्याकडे न बघता सरळ लिमयेंपुढे जाऊन उभा राहिला. “मीच सांगितलं त्याला,” तो म्हणाला. “एकदाच कर असं नाही, पुन्हा झालं तरी करत जा, असं सांगितलं. त्याला काय होईल ते कळत नव्हतं. मला कळत होतं.” लिमये म्हणाले, “पुढच्या महिन्यात तुमचं अमेरिकेचं होतं ना?” “होतं,” विश्वजीत म्हणाला. लिमयेंनी मान हलवली, मग संभाजीला म्हणाले, “उद्या सकाळच्या पाळीला ये. आणि बाकीच्या पॅनेलांना मी सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, मीसुद्धा.” ते बाहेर पडले. संभाजी मध्येच घुटमळला, त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण मग ढास आली आणि तोंडावर हात धरून तोही गेला.

विश्वजीत तसाच उभा होता, ओळखपत्र उलटं झालेलं.

“मी आलोच नसतो खाली तर?” त्यानं विचारलं.

“तर मी आज घरी आले नसते.”

“आणि आता?”

“आता येतेय,” मी म्हटलं.

तो तिथंच जमिनीवर बसला. मीही त्याच्याशेजारी बसले.